मांडेवाल्या अक्कांची साक्ष

अक्का, बुधवारी तुम्ही गेलात, गुरुवारी आम्ही तुम्हाला माती दिली, आणि रविवारी उपासनेच्या आधी तुम्ही पडद्यावर उभ्या राहून सांगत होतात की तुमचा पाय बरा झाला. हिरवी साडी, हातात माईक, कपाळावर घाम. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. शेजारच्या बाईने टाळ्या वाजवल्या. तुम्ही गेलात हे तिला ठाऊक होतं, मातीला आली होती ती. तरी वाजवल्या, कारण तो व्हिडिओ लागला की टाळ्या वाजवायच्या अशी सगळ्यांना सवय झाली आहे.

आज बारा दिवस झाले. तुमचं नाव निघालं की तुमचे धाकटे दीर उठून ओट्यावर जाऊन बसतात. मी तुमची धाकटी जाऊ, मला गप्प बसता येत नाही, आणि ज्यांच्याशी भांडायचं त्या तुम्हीच उरला नाहीत, म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही काही हे वाचायच्या नाहीत. जिवंतपणी तरी माझं लिहिलेलं कुठे वाचलंत? रेशनचा अर्ज असो की बँकेचं पत्र, "मास्तरीन बाई, तू लिखेल म्हंजे बराबरच ऱ्हाई," म्हणून खाली सही करून मोकळ्या व्हायच्या. त्या भरवशाचं मी काय केलं ते सांगायचं आहे.

मी या घरात आले तेव्हा वीस वर्षांची होते आणि माझं डी.एड. अर्धं राहिलं होतं. मामंजींचं म्हणणं, आता पुरे झालं शिक्षण. तुम्ही चुलीपुढे होतात. मान वर न करता म्हणालात, "पोरगी शिकनी ते काय भाकरी कमी पडतीन? भाकरी मी थापसू." मामंजींनी विषय सोडला, कारण भाकरी खरोखरच तुम्ही थापत होतात. पुढे माझी मुलगी तुमच्या कडेवर वाढली आणि मी परीक्षा दिल्या. आज जे अक्षर लोक वाखाणतात, ते तुमच्या जिवावर वळण घेतलेलं अक्षर आहे. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. जावाजावांत असं बोलायची रीत नसते म्हणून राहिलं.

माझे थोरले दीर, दादा, गेल्यावर तुम्ही मांडे करायच्या ऑर्डरी घ्यायला लागलात. लग्नसराईत जळगावपासून पार बोदवडपर्यंत तुम्हाला बोलावणं यायचं. खाली लाकडं, वर उलटं खापर, आणि पुरण भरलेला मांडा हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा नि अलगद खापरावर सोडायचा. बाकीच्या बाया चार तासांत बसायच्या, तुम्ही दिवसभर उभ्या. गोडाच्या धंद्यात जन्म गेला आणि शेवटी साखरेने तुम्हालाच धरलं. "खादं नही तरी लागनं," असं म्हणून हसायच्या. आणि शब्दाच्या इतक्या पक्क्या, की अंगात ताप असताना चाळीसगावच्या लग्नाला गेलात. मी आडवी आले तर म्हणालात, हो म्हटलं ते म्हटलं, पंगत काय माझ्या तापाची वाट पाहते?

आपली ख्रिस्ती मंडळी, म्हणजे आपलं चर्च, तेव्हा लहान होती, पत्र्याच्या खोलीत साठ-सत्तर माणसं. याकोबनाना तिचे वडील, म्हणजे कारभार बघणारे. त्यांचा एक नियम होता. कोणी आजारातून बरं झाल्याची साक्ष द्यायची म्हटली, की आधी डॉक्टरचा कागद दाखवायचा, मगच चार लोकांपुढे उभं राहायचं. देवाने बरं केलं असेल तर तपासणीतही दिसेल, देव काय तपासणीला भितो का, असं नाना म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी प्रॉफेट आले. बाहेरगावचे, चाळिशीच्या आतले, पांढरा शर्ट, गोड हिंदी. त्यांनी शिरपूर रस्त्याला बंद पडलेल्या जिनिंगची शेड घेतली. पडदा आला, स्पीकर आले, साठाची चारशे माणसं झाली. नानांना शाल घालून सल्लागार केलं, म्हणजे पहिल्या रांगेत खुर्ची दिली आणि तोंड बंद केलं. कागदाचा नियम पहिल्याच महिन्यात गेला. कागद मागणं म्हणजे अविश्वास. आधी विश्वासाने साक्ष द्यायची, बरं होणं मागून येतं, अशी नवी शिकवण सुरू झाली.

मी सातवीला शिकवते. नापास पोराला आधी पास म्हणून जाहीर करा, मार्क मागून येतील, असं कोणी मला सांगितलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. तिथे मात्र मी 'आमेन' म्हटलं. खोटं कशाला बोलू, मलाही ते सगळं आवडत होतं. लहानपणापासून आपण गावात मूठभर, कोपऱ्यातले. चारशे जण एका सुरात गाताना पहिल्यांदा वाटलं की आपणही कोणी आहोत. त्या वाटण्यासाठी मी बरंच काही गिळलं.

साक्षीचं टेबल माझ्याकडे आलं. ज्याला साक्ष द्यायची तो आधी माझ्याकडे यायचा, मी त्याचं म्हणणं चार ओळींत लिहून द्यायची, आणि तो कागद घेऊन तो स्टेजवर जायचा. लोक कुठूनही सुरू करतात, भलतीकडे जातात. मी नीट लावून द्यायची. आधी दुःख, मग प्रार्थना, मग सुटका. प्रॉफेट एकदा म्हणाले, बहनजीच्या हाताला वरदान आहे. मी आठवडाभर खूश होते.

तुमच्या पायांची आग किती वर्षांची होती ते या भिंतीपलीकडच्या मला ठाऊक आहे. ओलं गोणपाट पायाखाली घेतल्याशिवाय तुम्हाला झोप लागायची नाही. नाताळाच्या आधीच्या सभेत प्रॉफेटनी तुमच्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि थोड्याच दिवसांत तुम्ही मला हाक मारून सांगितलंत, "सुनंदा, आग थांबी गई वं." ते खोटं नव्हतं. आग खरोखर थांबली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शेवटी मला समजावून सांगितलं, की साखरेने पायाच्या नसा मरत जातात, आधी आग होते आणि मग काहीच कळेनासं होतं. पाय बरा झाला नव्हता, पाय मेला होता, आणि आम्ही चारशे जणांनी त्यावर हालेलूया म्हटलं.

त्या रविवारी तुम्ही टेबलाशी येऊन बसलात आणि चार गोष्टी सांगितल्यात. आग थांबली. बरं वाटतं. इंजेक्शन चालू शे. डॉक्टरले आजून दखाडं नही. मी पहिल्या दोन लिहिल्या आणि बाकीच्या दोन सोडल्या. सोड म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, एवढी चांगली साक्ष उगाच ढिली पडेल. तुम्ही न वाचता सही केलीत.

स्टेजवर प्रॉफेटने कागद वाचला आणि माईक तुमच्यापुढे धरला. "माताजी, अब दवाई की ज़रूरत है?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी टेबलाशी उभी राहून टाळ्या वाजवत होते. तुम्ही म्हणालात, "नही." शेड दणाणली.

त्या दिवसापासून तुम्ही सुई टोचून घेतली नाहीत. देवापुढे आणि चारशे माणसांपुढे बोललेला शब्द तो. मांड्यांच्या ऑर्डरीचा शब्द जी बाई मोडत नव्हती, ती हा कसा मोडणार? हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. मी तुम्हाला बावीस वर्षं ओळखत होते, प्रॉफेट तुम्हाला ओळखत नव्हते.

मार्चमध्ये जळगावच्या लग्नात चुलीतला निखारा उडून तुमच्या पायावर पडला. तुम्हाला पत्ताच नाही. पीठ मळणाऱ्या बाईला जळल्याचा वास आला म्हणून तिने खाली पाहिलं. तुमच्या मातीच्या दिवशी ती हे मला सांगत होती. तुम्ही निखारा झटकून हसलात म्हणे, आणि म्हणालात, "देख, आते निखाराबी लागत नही." तिथल्या बायांनी हात जोडले.

एप्रिलात तुम्ही मोजे घालून फिरायला लागलात. धुळ्याच्या उन्हात, जिथे कुत्रंसुद्धा दुपारी सावली सोडत नाही. मी चेष्टा केली, काय अक्का, काश्मीरला निघालात का? तुम्ही हसलात. बाकी सगळ्यापेक्षा ती चेष्टा मला जास्त लागते. मोज्याखाली काय आहे ते मला मेमध्ये कळलं, तेही वासावरून.

मग आपलं भांडण झालं. मी म्हटलं, उठा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. तुम्ही पलंगाची कड धरून बसलात. "चारशे लोकेससमोर सांगेल शे मी. मन्हं देखीसन लोके येतस. आते मीच सुई टोची लिधी, ते तेसनं काय?"

"त्यांचं त्यांच्यापाशी. तुमच्या पायाचं बघा."

"तू शिकेल शे. तुले सोपं शे बोलनं."

मी पुष्कळ बोलले. ते बाकीचे वडील, ते प्रॉफेट, त्यांच्या गाडीपासून शर्टापर्यंत सगळं काढलं. टेबलावर सोडलेली दोन वाक्यं मात्र काढली नाहीत. तेवढं एक बोलले असते तर तुमचा शब्द तिथेच सुटला असता. तुम्ही म्हणाल्या असतात, तूच चुकली मग, मी कशाला पाळू. त्याऐवजी मी म्हटलं, "मग मरा त्या साक्षीपायी," आणि दार आपटून आले.

नऊ दिवस मी बोलले नाही. एका भिंतीची घरं आपली. तुमच्या भांड्यांचा आवाज आला की मी टीव्ही मोठा करायची. दहाव्या दिवशी भांडी वाजली नाहीत.

दवाखान्यात दोन दिवस मिळाले. तुम्हाला मधूनमधून शुद्ध होती. एकदा स्पष्ट बोललात, "मन्हं ते पडदावरनं काढाले लाव, सुनंदा." मी हो म्हटलं. माफी मागायची राहिली. ती मी घरी गेल्यावर, तुमच्या हातचा चहा पिताना मागणार होते.

प्रॉफेट मातीला आले नाहीत. निरोप आला. अक्कांचा विश्वास मोठा होता, पण घरच्यांनी शेवटी सुया टोचल्या, संशय शिरला आणि आशीर्वाद निघून गेला. म्हणजे पाच महिने सुई न घेता तुम्ही मेला नाहीत, माझ्या दोन दिवसांच्या सलाईनने मेलात. लोक मला भेटायला आले तेव्हा काहींच्या डोळ्यांत मला हे वाचता येत होतं.

तरी मी सोमवारी त्यांच्या ऑफिसात गेले. तुम्हाला शब्द दिला होता. व्हिडिओ काढा, अक्का गेल्या हे स्टेजवरून सांगा, आणि ज्यांनी औषधं सोडली त्यांना परत सुरू करायला सांगा, एवढं मागितलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "बहनजी, गवाही उस दिन की थी. उस दिन सच थी." मग देवाच्या अभिषिक्तावर, म्हणजे त्यांच्यासारख्यावर, बोट ठेवणाऱ्यांचं काय होतं ते ऐकवलं. मी उठले तेव्हा सावकाश म्हणाले, "और लिखी किसने थी?"

अक्का, त्या माणसाने आयुष्यात एक गोष्ट अगदी खरी सांगितली असेल तर ती ही.

मंगळवारी याकोबनानांकडे गेले. म्हातारा रडला. शाल त्यांच्या खुंटीवर होती. म्हटलं, नाना, तुम्ही उभे राहा, लोक तुमचं ऐकतील. त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "बेटा, दिवस बघ कसले आहेत. आधीच लोक आपल्याकडे वाकड्या नजरेने बघतात. आपणच बोललो तर माकडाच्या हाती कोलीत. उद्या शेड पेटली तर? प्रॉफेट गाडीत बसून जातील, मार आपल्या पोरांना बसेल." ते भित्रे म्हणून बोलले असते तर मी त्यांनाही सोडलं नसतं. पण ते खोटं बोलत नव्हते. त्या भीतीत मीही वाढले आहे. मला राग आला तो असा, की ही भीती फक्त बाहेरच्यांची का? आतल्याने आपलं माणूस मारलं तर त्याचं काय? नाना म्हणाले, "देव बघेल." मी चपला घातल्या.

काल रविवारी मी टेबलावरचे कागद परत द्यायला गेले होते. द्यायचे आणि निघून यायचं. तेवढ्यात एक बाई मुलीला घेऊन टेबलाशी आली. शिरपूरच्या पलीकडच्या एका पाड्यावरची, गुलीबाई नाव. डोंगराच्या पायथ्याची कोरडवाहू शेती, बाकी मजुरी. पहाटेची गाडी धरून आली होती. मुलगी आठ-नऊ वर्षांची, ओठ चावलेला, हनुवटीला खरचटलेलं. तिला फिट्स येतात. गुलीबाईला साक्ष द्यायची नव्हती.

"मोबाईलमा देखं व्हतं," ती म्हणाली. "ती मांडावाली बाई. तिनी सांगं, दवाई नही लागत. मंग मीबी पोरनी गोया सोडी दिन्ह्यात."

"कधी?"

"तीन आठोडा व्हई ग्यात. दोनदाव झटका उना. आठला लोके म्हनतस, मना विश्वास कमी पडस." तिने मुलीला जवळ ओढलं. "माले त्या बाईले भेटनं शे. तिले इचारसू, तिनी कसा धरा विश्वास."

स्पीकर सुरू झाले होते. टेबलाच्या दोन्ही बाजूंना स्वयंसेवक उभे. तिथे तोंड उघडलं असतं तर कोणीतरी लगेच येऊन तिला समजावून आत नेलं असतं, ते काम ते फार छान करतात. मी म्हटलं, चला, भेटवते. कागद तसेच टेबलावर टाकले आणि दोघींना रिक्षात बसवलं.

तुमच्यावरची माती अजून बसलेली नाही. हार वाळले आहेत. क्रुसावर तुमचं नाव आहे, पण गुलीबाईला वाचता येत नाही. ती इकडेतिकडे बघायला लागली. तिला वाटलं तुम्ही इथे कामाला वगैरे असाल.

"आठे कोन शे?"

"त्याच. मांडेवाल्या. अकरा दिवस झाले."

ती खाली बसली. मीही बसले आणि सगळं सांगितलं. आग कशी थांबली ते, निखारा, मोजे, वास. मी सोडलेली दोन वाक्यंसुद्धा सांगितली, तुमच्यासमोर, जी तुम्ही जिवंतपणी ऐकायला हवी होती. मुलगी वाळलेल्या हारातली फुलं तोडत होती. गुलीबाईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं शिवी देईल. द्यायलाच हवी होती.

"मंग तुम्ही तव्हय काब्रं नही सांगं?" ती म्हणाली.

 तेव्हाच का नाही सांगितलं, याच्या उत्तराची तिने वाट पाहिली नाही. पदराने मुलीचे हात पुसले आणि विचारलं, "दवाखाना आज उघडा ऱ्हास का?"

रविवार होता, पण सरकारी दवाखान्यात तातडीचा विभाग उघडा असतो. ड्युटीवरची डॉक्टर माझ्या मुलीहून थोडीच मोठी. तिने मुलीला तपासलं, जुना कागद पाहिला, आणि गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या ते गुलीबाईला दोनदा सांगून तिच्याकडून म्हणवून घेतलं. मग विचारलं, "चांगल्या चालू गोळ्या बंद कोणाच्या सांगण्यावरून केल्या?"

गुलीबाईने मान खाली घातली. तिला कोणाला अडकवायचं नव्हतं. पाठीमागच्या बाकावर दोन-तीन नातेवाईक आपापल्या पेशंटची वाट बघत बसले होते, तेही ऐकायला लागले. मला नाना आठवले, शेड आठवली, दुसऱ्या दिवशी शाळेत काय काय होईल ते डोळ्यांपुढे आलं. डॉक्टरने पुन्हा विचारलं, जरा जोरात.

मी प्रॉफेटचं नाव सांगितलं, पूर्ण, गावासकट. मग माझं नाव सांगितलं, म्हटलं साक्ष मी लिहिली होती, आणि अर्धी लिहिली होती. तिने मान वर केली. "आणि व्हिडिओतली ती बाई कोण?"

तुमचं नाव मात्र मी सांगितलं नाही, अक्का. तुम्हाला पडद्यावरून काढायचा शब्द दिला होता.